रिकाम्या घराची सूट

अकोल्यात लोक मला समोर 'असेसरबाबू' म्हणत आणि पाठीमागे 'भिंतमोज्या'. दोन्ही नावं खरी होती. हातात मोजायची फीत, खांद्याला पिशवी आणि मागे पितळी बिल्ल्याचा चपराशी, असा मी गल्लीत शिरलो की वाळत घातलेली नवी लुगडी आत ओढली जात आणि अंगणातली म्हैस मागच्या दाराने शेजाऱ्याकडे पाहुणी जाई. घरपट्टी म्हणजे श्रीमंतीवरचा कर, असा सगळ्यांचा पक्का समज. तो दूर करता करता माझी नोकरी संपली आणि समज जागच्या जागी राहिला.

ज्यांनी कधी पट्टी भरली नाही किंवा भरली पण समजून घेतली नाही, त्यांच्यासाठी आमचा हिशेब सांगतो. घरात सोनं किती, म्हशी किती, याच्याशी आम्हाला काही कर्तव्य नसे. आमचा प्रश्न एकच असे: हे घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येतील? घरात भाडेकरू असला तर काम सोपं. मालक स्वतः राहत असला तर गल्लीतलं तसंच दुसरं घर शोधायचं आणि त्याच्या भाड्याशी ताडून पाहायचं. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या कारखान्यासारखी इमारत कोणी भाड्याने घेत नाही, तिथे बांधायला आलेल्या खर्चावर ठराविक टक्के धरायचे. समजा, महिना पाच रुपये भाडं ठरलं. वर्षाचे साठ झाले. त्यातला दहावा हिस्सा दुरुस्तीसाठी सोडला, उरले चोपन्न. हे त्या घराचं वार्षिक भाडेमूल्य. त्यावर शेकडा किती घ्यायचे ते म्युनिसिपल कमिटी ठरवी. पुढच्या वर्षी दिवे, नाल्या, शाळा, झाडूवाले यांना किती लागणार ते मांडायचं, बाजाराचं आणि नाक्यावरच्या जकातीचं उत्पन्न त्यातून वजा करायचं, आणि जी तूट राहील ती साऱ्या गावाच्या भाडेमूल्यावर सारखी पसरायची. झाला दर. मग यादी लागे आणि लोक हरकती घेऊन येत.

हरकतींच्या दिवशी मला नाटकाला जावं लागत नसे. एका गृहस्थांनी मी येणार त्या दिवशी छपराची टिनं काढून ठेवली होती आणि पडकं घर म्हणून सूट मागितली होती. घरात मात्र झोपाळ्यावर नवी गादी होती. एका निवृत्त तहसीलदारांची हरकत अशी की, शेजारी इतका भांडखोर आहे की माझ्या घराला कोणी दीडदमडी भाडं देणार नाही. त्याच बाकावर त्यांचा शेजारी बसलेला. त्याचीही हरकत तीच, फक्त नाव तहसीलदारांचं. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं.

या कामातलं एक कलम रिकाम्या घराचं. घर रिकामं पडलं, भाडं आलं नाही, तर मालकाने अर्ज करायचा. आम्ही जागेवर जाऊन पाहायचं आणि घर खरंच रिकामं असेल तर तेवढ्या काळाची पट्टी माफ. माझी उमेदवारी अमरावतीला झाली. परकोटाच्या आत, एकमेकांवर रेललेल्या घरांच्या बोळांतून मला हिंडवणारे बापूजी म्हणून एक म्हातारे हेडक्लार्क होते. त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं, "कुलूप पाहू नको. मोरी पाहा. कुलूप कोणीही लावतो. पण घरात माणूस असला तर पाणी बाहेर येणारच."

पुढे अकोल्याला बदली झाली. आणि या साध्याशा कलमाने मला इतकी भीती दाखवली की ती अजून पुरती गेलेली नाही.

त्या वर्षी कपाशीचा हंगाम भरात असताना गावात प्लेग शिरला. प्लेग तेव्हा आम्हाला नवा नव्हता. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं गेलं त्या काळात तो दर काही वर्षांनी थंडीबरोबर येई. लोकांना रीत ठाऊक झाली होती. मोर्णेकाठचं जुनं शहर आठवड्याभरात उठलं आणि बाहेरच्या शेतांत, मळ्यांत झोपड्या पडल्या. जिनांचे भोंगे थांबले. माझी बायको यमुना आणि आमची रांगती मुलगी अशाच एका तुराट्यांच्या झोपडीत होत्या. मी सकाळी तिथून कचेरीत येई आणि दिवस मावळायच्या आत परत जाई.

गाव रिकामं झालं तसे माफीचे अर्ज आले. सेक्रेटरीसाहेबांनी गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.

"टोचून घेतलंय ना तुम्ही?"

"घेतलंय साहेब."

"मग तुम्हीच जा."

टोचल्याने माझा दंड सुजून दोन दिवस ताप आला होता. कंपाउंडरने धीर दिला होता, "आता लागण झाली तरी बहुतेक मरत नाही." या 'बहुतेक'वर मी जुन्या शहरात निघालो. रोग पिसवांतून येतो असं डॉक्टर सांगत, म्हणून धोतराऐवजी पायजमा, तो घोट्यापाशी सुतळीने आवळलेला, आणि पायांना घासलेट चोपडलेलं. बरोबर गोविंदा चपराशी. तो भुताखेतांना भिणारा माणूस. मी प्लेगला भिणारा. दोघं मिळून आम्ही सगळ्याच गोष्टींना भीत होतो.

भरदुपारी रिकाम्या गावात चाललं असेल कोणी, तर त्यालाच मी काय म्हणतो ते कळेल. बारा वाजता तिथे एरवी कढया, भांडणं, पोरं, पिंजाऱ्यांच्या कमानींची ट्वांग ट्वांग. आता आमच्याच जोड्यांचा आवाज भिंतींवरून परत येत होता. दवा मारलेल्या घरांवर चुन्याच्या खुणा. काहींची कौलं ऊन आत यावं म्हणून काढलेली. एका ओट्यावर अर्धवट विणलेली बाज तशीच उभी. कुत्रीसुद्धा भाकरीमागे शेतात गेली होती.

आम्ही पिंजाऱ्यांच्या गल्लीत आलो. इथली सहा घरं भाऊसाहेब वकिलांची. भाऊसाहेब म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ आणि आमच्या कमिटीचे सभासद. सहाही घरांचे भाडेकरू निघून गेले, भाडं बंद आहे, पट्टी माफ व्हावी, असा त्यांचा अर्ज होता. पाच घरं पाहिली. कुलपं, कोळिष्टकं, कोरड्या ठाक मोऱ्या. मी लिहून घेतलं. सहावं गल्लीच्या टोकाला, उंच भिंतींच्या अंगणाचं. दाराला भलं मोठं कुलूप. आणि भिंतीतून गल्लीच्या नालीत उतरणारी मोरी ओली होती.

मी वाकून पाहिलं. खाली शेवाळ ताजं, पाण्याचा थेंब अजून लोंबत होता.

गोविंदा म्हणाला, "बाबू, खाली हाय म्हनून लिहून टाका ना. कुलूप तं दिसूनच राह्यलं."

"मोरी ओली आहे गोविंदा."

"कुत्र्यानं मुतलं असन."

"कुत्री कुठे आहेत?"

मी दारावर थाप मारली. "कोण आहे आत? मी म्युनिसिपालिटीचा माणूस!"

आत काही हललं नाही. पण रिकाम्या घराची शांतता मला सवयीची होती, आणि ही ती नव्हती. कोणीतरी श्वास धरून उभं असावं अशी ती होती. मी पुन्हा थाप मारली. तेव्हा फळीच्या अगदी पलीकडून, माझ्या तोंडापासून हातभर अंतरावरून, बाईचा दबका आवाज आला.

"अठी कोनी नाई. जा तुमी."

फितीचं एक टोक गोविंदाच्या हातात होतं. ते खाली पडलं आणि गल्लीच्या तोंडापर्यंत त्याच्या पळण्याचा आवाज ऐकू आला. मला पळायचं नव्हतं असं नाही, पाय उचलत नव्हते. आत भूत आहे असं मला वाटलं नाही. भूत असतं तर बरं, असंच त्या क्षणी वाटलं. भुताला ताप येत नाही, काखेत गाठ येत नाही. मी मागे सरकत समोरच्या ओट्याला टेकलो आणि तिथूनच विचारलं.

"बाई, घाबरू नका. कोण तुम्ही?"

"तुमी दवावाले हा का?"

"नाही. मी घरपट्टीचा."

"पट्टी तं मालक भरते," ती म्हणाली. एवढ्या भीतीतही तिचा मुद्दा बरोबर होता.

हळूहळू तिने सांगितलं. तिचं नाव पार्वता. नवरा किसन जिनात कामाला. मूलबाळ नाही. गाव उठलं त्याच दिवशी किसनला जांघेत गाठ आली. उठवणार कसा? आणि रोगी सापडला की त्याला गावाबाहेरच्या प्लेगच्या छपरांत नेत.

"तठी गेलेला मानूस वापस येत नाई, बाबू. माहा भाऊ गेला व्हता मागच्या खेपेले. आमाले त्याचं धोतरबी पाह्यले भेटलं नाई."

म्हणून तिने समोरच्या दाऊद पिंजाऱ्याला बाहेरून कुलूप लावायला सांगितलं. कुलूप दिसलं की दवाखान्याची माणसं पुढे जातात. दाऊद एकटा जीव, गाव सोडून गेला नव्हता. तो रोज अंगणाच्या भिंतीतल्या झरोक्यातून भाकर आत टाकी. अंगणात आड होता, पाण्याची ददात नव्हती. किसनची गाठ फुटली होती, ताप उतरत होता. तेच अंग पुसलेलं पाणी मोरीतून बाहेर आलं होतं.

"मग दाऊद कुठे आहे?"

"तेच तं मले मालूम नाई ना. तीन रोज झाले. हाक मारू तं कोनाले मारू? तुमच्यासारखं कोनी येईन, तं चुपच बसा लागे."

"खाता काय?"

"ज्वारी भिजू घालून खाऊन राह्यलो. चूल पेटवली तं धूर दिसन."

मी ज्या ओट्याला टेकलो होतो तो दाऊदचाच होता. दार नुसतं लोटलेलं. फटीतून पाहिलं तर कमान खुंटीला, पिंजलेल्या कापसाचा ढीग तसाच, आणि माणूस नाही. माझ्या पिशवीत यमुनेने दिलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी होती. ती द्यायची म्हणजे झरोक्यापाशी जायचं. मी गेलो. फडकं हात लांब करून आत ढकललं. आतून ते ओढून घेताना तिची बोटं माझ्या बोटांना लागली, आणि मी हात असा मागे घेतला की कोपर भिंतीवर आपटलं. तिला ते कळलं असणार. चावण्याचा आवाज मात्र आला.

पेच असा होता. कुलूप तोडायचा मला अधिकार नव्हता. दुसऱ्याच्या घराचं दार मोडलं तर गुन्हा. उलट रोगी आढळला तर ताबडतोब कळवावं, असा आम्हा सगळ्या नोकरांना सक्त हुकूम होता. कळवलं तर माणसं येऊन किसनला उचलून नेणार. आणि गप्प राहावं तर आणखी चार दिवसांनी त्या घरात दोन प्रेतं. मी दाराशी जाऊन म्हणालो, "मी परत येतो."

"सारेच असं म्हनतात," ती म्हणाली.

भाऊसाहेब वकिलांचा मळा कोसभर दूर. त्यांचा तंबू, पलीकडे बायकांच्या झोपड्या. मी मळ्याच्या कुंपणात शिरलो तसे ते आरामखुर्चीवरून उठून उभे राहिले.

"कुठून आलात?"

"पिंजाऱ्यांच्या गल्लीतून. आपल्या घरांची तपासणी..."

"तिथंच थांबा. तिथूनच बोला."

कोर्टात ज्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जाई, ते भाऊसाहेब रुमाल नाकाशी धरून मला बाभळीखाली उभं करून ऐकत होते. मी सांगितलं तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांची थोरली सून मागच्या साथीत गेली होती, हे मला माहीत होतं. झोपडीतून नातवाच्या हसण्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी दचकून तिकडे पाहिलं.

"कुलूप माझं नाही," ते म्हणाले. "माझ्या माणसाला वाटलं भाडेकरू गेले. कुलूप लागलेलं होतं, म्हणून त्याने आपलं लावलं नाही."

"ते तोडायला आपली परवानगी हवी."

त्यांनी कागद घेतला, उभ्यानेच दोन ओळी खरडल्या, वाटेत मध्यावर दगडाखाली ठेवल्या आणि परत खुर्चीमागे गेले. मग मी पुढे होऊन कागद उचलला. माझं मामलेदारापासून व्हाइसरॉयपर्यंत कोणाबद्दलही काही म्हणणं असो, त्या क्षणी मला भाऊसाहेबांचा राग आला नाही. मीही तसाच वागलो असतो. थोड्या वेळापूर्वी वागलोच होतो.

"तो पिंजारी," ते दुरून ओरडले, "छपरांत पाहा. त्या गल्लीतून कोणालातरी नेल्याचं ऐकलं होतं."

प्लेगची छपरं रेल्वेच्या पलीकडे माळावर होती. गवताने शाकारलेल्या लांबलचक ओळी आणि फिनेलचा वास. मी आयुष्यात पुष्कळ इमारतींत शिरलो, पण त्या छपराच्या दारात मी घोट्याची सुतळी पुन्हा आवळून घेतली. तिथले डॉक्टर माझ्याच वयाचे असतील. दाढी वाढलेली, डोळे लाल. मी दाऊदचं नाव काढलं तसं त्यांनी शेवटच्या खाटेकडे बोट दाखवलं.

"वाचत नाही. दोन दिवस सारखा बडबडतोय. दरवाजा, चाबी, अंदर लोग हैं. तापात सगळेच घराबद्दल बडबडतात."

मी म्हणालो, "डॉक्टर, आत खरंच माणसं आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खाटेकडे चालू लागले. त्यांच्या मागे जाण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं. दाऊद हाडकुळा, पन्नाशीचा. दाढीत अजून कापसाचे तंतू. डोळे उघडे पण कुठेच लागलेले नाहीत. "चाबी," तो म्हणत होता, "अरे भाई, चाबी लेव." गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ताइताशेजारी ती किल्ली होती. तिथल्या कोणीही ती चोरलेली नव्हती, लपवलेली नव्हती. ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

डॉक्टरांनी दोरा कापला, किल्ली फिनेलच्या वाटीत टाकली. मग मला म्हणाले, "सांगा त्याला. तुमचं ऐकतोय का पाहा."

मी वाकलो. किती वाकलो ते मला आठवत नाही. त्याचा श्वास माझ्या गालाला लागला एवढं आठवतं. "दाऊदभाई," मी म्हटलं, "चाबी मिल गई. मैं जा रहा हूँ दरवाजा खोलने. पार्वताबाई के पास."

त्याचे ओठ हलायचे थांबले. समजलं की नुसतं दमला, देव जाणे. पण मी दारापर्यंत येईस्तोवर त्याने पुन्हा किल्ली मागितली नाही.

डॉक्टर म्हणाले, "माणसं पाठवली तर ती बाई कुऱ्हाड घेईल. मीच येतो." आम्ही बैलांच्या दमणीत बसून गेलो. उन्हं कलली होती. कुलूप उघडलं, दार ढकललं, तर समोर पार्वता हातात विळा घेऊन उभी. तिशीची, काटकुळी, केस पिंजारलेले.

"त्याले हात लावू देनार नाई," ती म्हणाली. डॉक्टर उंबऱ्यातच थांबले. तिची नजर माझ्यावर आली. "मंघाचे तुमीच का?"

"मीच."

"तुमी अंदर या पयले."

हे मला अपेक्षित नव्हतं. मी गल्लीत उभं राहून बाकीचं डॉक्टरांवर सोपवणार होतो. माझ्या डोळ्यांपुढे यमुना आली, मुलगी आली. पण बाई विळा खाली करत नव्हती आणि डॉक्टर माझ्याकडे पाहत होते. मी उंबरा ओलांडला. आत अंधार, आंबट वास, आणि कोपऱ्यात गोधडीखाली किसन. तो जिवंत होता. मला पाहून त्याने उठून बसायचा प्रयत्न केला, जसा कोणी साहेब आल्यावर करावा.

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मग हात धुवत ते म्हणाले, "याला नेऊन काय करू? वाचलाय हा. छपरात नेला तर दुसराच काही रोग घेईल. कौलं उतरवा, ऊन येऊ द्या. गोधडी जाळा. मी उद्या येतो."

पार्वताने विळा खाली ठेवला. "दाऊदभाई कुठी हाय?" तिने विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली.

दाऊद दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. पार्वताने त्याची कमान आणि कापूस आपल्या घरात आणून ठेवला. पुढे बाळापूरचा त्याचा भाऊ येऊन ते घेऊन गेला.

त्या संध्याकाळी मी झोपडीकडे गेलो, पण पुरता गेलो नाही. बांधावरूनच यमुनेला हाक मारली आणि सगळं सांगितलं. तिने मुलीला उचलून कडेवर घेतलं.

"तुमी आता तिकडंच राहाल?" तिने विचारलं. ती अमरावतीची, रडणारी बाई नव्हती.

"काही दिवस. त्या गोठ्यात."

"आणि मग?"

"मग कळेलच."

मी शेतमालकाच्या पडक्या गोठ्यात राहिलो. ती बांधावर ताट ठेवी आणि मागे सरे, मग मी ते घेई. दिवसातून कितीदा मी काखा आणि जांघा चाचपल्या ते विचारू नका. डास चावला तरी गाठ वाटे. कपाळ गरम लागलं की वाटे, हे ऊन की ताप? दूरवर मुलगी दिसे, बाबा म्हणून हात हलवी, आणि मला आपल्या बोटांवर पार्वताच्या बोटांचा तो स्पर्श आठवे. एके दिवशी खरंच अंग कणकणलं. मी यमुनेला न सांगता डॉक्टरांकडे चालत गेलो. त्यांनी जीभ पाहिली, नाडी पाहिली आणि म्हणाले, "भीती आहे. तिला माझ्याकडे औषध नाही. घरी जा, जेवा." त्यानंतरही मी आणखी काही दिवस गोठ्यातच काढले. शेवटी यमुनाच मुलीला घेऊन बांध ओलांडून आली आणि म्हणाली, "बस झालं आता."

उन्हाळ्याच्या तोंडाशी गाव परत वसलं. किसन लंगडत का होईना, पुढल्या हंगामात जिनात कामाला लागला. माफीच्या अर्जांची सुनावणी निघाली. भाऊसाहेबांच्या अर्जावर मी शेरा लिहिला होता: पाच घरे रिकामी, सूट द्यावी. सहाव्या घरी दोन इसम राहत होते, सूट देता येत नाही. भाऊसाहेब त्या दिवशी सभासदांच्या खुर्चीवरून उतरून अर्जदारांच्या बाकावर येऊन बसले होते. अध्यक्षांनी शेरा वाचला. "काही हरकत?"

"नाही," भाऊसाहेब म्हणाले.

एवढ्यावर काम संपायला हवं होतं. पण मी वऱ्हांड्यात हवा घ्यायला आलो तेव्हा ते खांबाला टेकून उभे होते. टांगा येऊन थांबला होता, तरी ते बसत नव्हते.

"बाबू," ते म्हणाले, "अर्ज करण्याआधी मी स्वतः त्या गल्लीत जाऊन आलो होतो. खोटं लिहायला नको, म्हणून."

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"त्या शेवटच्या घराशी उभा होतो. आत भांडं पडल्याचा आवाज झाला. पितळेचं असावं. घरंगळत गेलं. मी म्हटलं, उंदीर असतील. आणि आलो निघून."

"असं वाटू शकतं, भाऊसाहेब."

"कसं वाटू शकतं?" त्यांचा आवाज एकदम चढला, मग त्यांनीच तो खाली आणला. "त्या गल्लीत उंदीर कुठले? उंदीर तर आधीच पडले होते पटापट. ते मेले, म्हणून तर आपण गाव सोडलं."

टांगेवाल्याने घंटा वाजवली. भाऊसाहेबांनी पागोटं सारखं केलं आणि माझ्याकडे न पाहता पायरी उतरले. टांगा वळेपर्यंत मी तिथे उभा होतो. मग आत गेलो आणि पुढच्या अर्जदाराचं नाव पुकारलं.